विद्यापीठाचं यश आपल्या बांधावर

(रेडिओवरील शेतकरी बांधवांसाठीच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या महिन्यात एका गावी शिवारफेरीला गेलो होतो. पारावर मंडळी जमली होती. कुणाच्या तरी हातात वर्तमानपत्र होतं. त्यात कृषि विद्यापीठातल्या प्राध्यापकांचा सत्कार झाल्याची बातमी होती. कुणाला पारितोषिक मिळालेलं, कुणाचा शोधनिबंध नावाजला गेलेला. एका गृहस्थांनी बातमी मोठ्यानं वाचली, घडी घातली आणि मला विचारलं, "साहेब, हे सगळं बरं आहे. शाल त्यांना, नारळ त्यांना. आमच्या पदरात काय?"

मंडळी हसली, मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. म्हणून आजचं बोलणं त्याच प्रश्नावर आहे. विद्यापीठातल्या मंडळींनी काय मिळवलं, त्यातलं आपल्या उपयोगाचं कोणतं, आणि ते घ्यायचं कसं, हे आज पाहू.

आपल्या राज्यात चार कृषि विद्यापीठं आहेत. राहुरीचं महात्मा फुले कृषि विद्यापीठ १९६८ साली निघालं. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ १९६९ साली, आणि परभणी व दापोली इथली विद्यापीठं १९७२ साली. परभणीच्या विद्यापीठाला आज वसंतराव नाईकांचं आणि दापोलीच्या विद्यापीठाला डॉ. बाळासाहेब सावंतांचं नाव आहे. या विद्यापीठांकडे कामं तीन: मुलांना शिकवणं, संशोधन करणं आणि केलेलं संशोधन शेतकऱ्यापर्यंत नेणं. पहिल्या दोन कामांची मोजणी सोपी आहे. किती मुलं पदवीधर झाली, किती निबंध छापले, हे कागदावर दिसतं. तिसऱ्या कामाची मोजणी मात्र तुमच्या खळ्यावरच होते.

आता एक नवीन वाण कसा तयार होतो ते थोडं सांगतो, म्हणजे त्यामागे किती हात असतात ते कळेल. कपाशीचं उदाहरण घ्या. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची. तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर नखानं अलगद काढायचे, आतल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. वर कागदी पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी निवडलेल्या नर झाडाचं फूल आणून परागकण लावायचे आणि खुणेचा दोरा बांधायचा. अशी शेकडो फुलं हाताळायची. हे काम बहुतेक करून केंद्रावरच्या मजूर बायका करतात. त्यांचं नाव कुठल्याच निबंधावर येत नाही, पण त्यांचं नख चुकलं तर शास्त्रज्ञाची सगळी मेहनत वाया जाते.

संकर झाला म्हणजे वाण झाला असं नाही. पुढे पिढ्यानपिढ्या निवड चालते. मग विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर चाचण्या, नंतर वेगवेगळ्या भागांतल्या केंद्रांवर चाचण्या, नंतर शेतकऱ्यांच्या शेतावर चाचण्या. दरवर्षी चारही विद्यापीठांची संयुक्त बैठक भरते. तिथं एकमेकांचे वाण, अवजारं आणि शिफारशी तपासल्या जातात, प्रश्न विचारले जातात आणि कच्चं असेल ते परत पाठवलं जातं. त्यातून पार पडलेला वाण पुढे अधिसूचनेसाठी जातो. या सगळ्याला दहा-बारा वर्षं सहज लागतात. फळझाड असेल तर त्याहून जास्त. म्हणजे आज ज्या साहेबांचा सत्कार झाला, त्यांच्या कामाची सुरुवात कदाचित त्यांच्या आधीच्या माणसानं केली असेल, आणि तो आज निवृत्त होऊन घरी बसला असेल.

डाळिंबाचंच पाहा. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी १९३६ साली एक मऊ दाण्याचं झाड निवडलं. तेच पुढे 'गणेश' या नावानं महाराष्ट्रभर पसरलं. दाणा मऊ, पण रंग फिका. मग राहुरीच्या शास्त्रज्ञांनी गणेशचा लाल दाण्याच्या परदेशी जातीशी संकर केला. त्यातून १९९४ साली 'मृदुला' आला आणि २००३ च्या सुमारास 'भगवा'. आज सांगोला, आटपाडी, सटाणा, मालेगाव या कमी पावसाच्या भागांत ज्या माळावर पूर्वी कुसळं उगवायची, तिथं भगव्याच्या बागा आहेत आणि फळ परदेशात जातं. हे यश खरंच मोठं आहे. पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भगवा तेल्या रोगाला बळी पडतो. ज्यांनी रोगट बागेतली कलमं आणून लावली, त्यांच्या बागा उपटाव्या लागल्या. म्हणून वाण चांगला असला तरी रोप कुठून आणलं हे त्याहून महत्त्वाचं.

उसाचं घ्या. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून काम करत आहे. को ८६०३२ या उसाचा संकर झाला कोइमतूरच्या संस्थेत, पण आपल्या जमिनीत, आपल्या हवामानात त्याची पारख पाडेगावला झाली आणि १९९६ साली शिफारस झाली. पुढे अनेक वर्षं राज्यातलं सर्वांत जास्त क्षेत्र याच उसाखाली राहिलं. २००७ साली पाडेगावचाच को एम ०२६५, म्हणजे ज्याला आपण 'फुले २६५' म्हणतो, तो आला. चोपण आणि खारवट जमिनीत जिथं दुसरा ऊस तग धरत नाही, तिथं हा उभा राहतो. ज्याच्या रानात पाण्यानं मीठ वर आलं आहे, त्या शेतकऱ्याला विचारा या कामाची किंमत.

मराठवाड्यात बदनापूरच्या केंद्रानं तुरीवर काम केलं. तुरीचे दोन वैरी: मर आणि वांझ रोग. वांझ रोग पडला की झाड हिरवंगार वाढतं, पण फुलत नाही आणि शेंग धरत नाही. शेतकरी हिरव्या रानाकडं बघून खूश असतो आणि सुगीला हाती काटक्या येतात. बीएसएमआर ७३६ सारख्या वाणांनी या दोन्ही रोगांना दाद दिली नाही. २०१२ साली आलेला बीडीएन ७११ हा पांढऱ्या दाण्याचा वाण लवकर तयार होतो. पाऊस लवकर गेला तर जमिनीतला ओलावा संपायच्या आत शेंग भरते. कोरडवाहूला हे फार मोलाचं आहे. परभणीच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाचं 'बायोमिक्स' नावाचं जैविक मिश्रण हळद आणि आल्याच्या शेतकऱ्यांनी इतकं उचललं, की ते घ्यायला लांबून माणसं येतात.

अकोल्याच्या विद्यापीठानं १९८१ साली 'पीकेव्ही हायब्रीड २' हा कपाशीचा संकरित वाण दिला, आणि नांदेडच्या केंद्रानं त्याच दशकात 'एनएचएच ४४', म्हणजे आपला 'नांदेड ४४'. कोरडवाहू कपाशीवाल्यांनी या दोन वाणांवर कैक वर्षं काढली. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि हे वाण मागं पडले. पुढे महाबीजच्या साहाय्यानं त्यांनाही बीटी स्वरूप दिलं गेलं. अकोल्याच्या अभियंत्यांचं आणखी एक काम मला फार आवडतं, ते म्हणजे 'पीकेव्ही मिनी डाळ मिल'. तूर पिकवायची आपण, कवडीमोल विकायची आणि डाळ दामदुप्पट भावानं विकत आणायची, हा उलटा व्यवहार आपण पिढ्यानपिढ्या करत आलो. ही लहान गिरणी गावात बसते. कितीतरी बचत गटांच्या बायका आज तिच्यावर डाळ करून विकतात.

कोकणात दापोलीच्या विद्यापीठानं नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली 'रत्ना' आंबा काढला. हापूसमध्ये फळाच्या आत जो साका होतो, तो रत्नामध्ये होत नाही. १९९२ साली पातळ कोयीचा 'सिंधू' आला. बाजारात हापूसचं नाव इतकं मोठं आहे की या वाणांना त्याची जागा घेता आली नाही, हेही खरं. पण वेंगुर्ल्याच्या केंद्राच्या काजूनं मात्र कोकणचं रूप पालटलं. पूर्वी बी टाकून लावलेली काजूची झाडं, प्रत्येकाचं उत्पन्न वेगळं, बी बारीक. वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ अशा जातींची कलमं झाली आणि १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेनं ती डोंगरउतारावर गेली. शास्त्रज्ञ, कलमं बांधणारे माळी आणि सरकारी योजना, तिघांचा मेळ बसला तेव्हा हे घडलं.

आता यशाच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. एक फसल्याची गोष्टही सांगतो, आणि ती माझीच आहे.

नोकरीला लागून मला दोन-तीन वर्षं झाली होती. कमी पावसाचा मुलूख, रब्बी ज्वारीचं रान. एका नव्या वाणाची माहिती आली होती. मी उत्पन्नाचा आकडा वाचला आणि हुरळून गेलो. गावातल्या एका वयस्क शेतकऱ्याला, ज्यांना सगळे तात्या म्हणत, मी गळ घातली. "तात्या, यंदा मालदांडी राहू द्या. हा नवा वाण पेरा." तात्या म्हणाले, "तुम्ही म्हणताय तर पेरतो." त्यांनी सगळ्या पाच एकरांत तोच पेरला.

पीक सुरुवातीला झकास आलं. पोटरीत आलं आणि वाळायला लागलं. कणसं नीट बाहेर पडलीच नाहीत. दाणा गेला तो गेलाच, पण कडबाही गेला. तुम्हाला माहीत आहे, त्या मुलखात ज्वारी दाण्यासाठी जितकी पेरतात तितकीच कडब्यासाठी. उन्हाळ्यात तात्यांनी दावणीची दुभती गाय विकली. वैरण विकत घेऊन तिला पोसणं परवडेना.

मी भेटायला गेलो. तात्या रागावले नाहीत. मला रानात घेऊन गेले, कुदळीनं दोन घाव घातले आणि हातभर सुद्धा न खणता लागलेला मुरूम माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, "साहेब, वाण खोटा नसेल. पण त्याला माझं रान दाखवलं होतं का कुणी?"

तो मुरूम घेऊन मी संशोधन केंद्रावर गेलो. तिथल्या शास्त्रज्ञांनी पहिला प्रश्न विचारला, "जमीन किती खोल होती?" मला सांगता आलं नाही. वाण भारी जमिनीसाठी होता, आणि ते माहितीच्या कागदावर लिहिलेलं होतं. मी फक्त आकडा वाचला होता. चूक ना वाणाची, ना तात्यांची. चूक माझी, आणि गाय मात्र तात्यांची गेली.

म्हणून पुढे जेव्हा राहुरीच्या शास्त्रज्ञांनी रब्बी ज्वारीच्या शिफारशी जमिनीच्या खोलीप्रमाणे दिल्या, तेव्हा मला ते काम कुठल्याही पारितोषिकाहून मोठं वाटलं. ती शिफारस नीट लक्षात ठेवा. एक फुटापर्यंत खोल, म्हणजे हलक्या जमिनीत 'फुले अनुराधा'. एक ते दोन फूट, म्हणजे मध्यम जमिनीत 'फुले सुचित्रा'. दोन फुटांहून खोल, भारी कोरडवाहू जमिनीत 'फुले वसुधा'. भारी जमीन आणि हाताशी पाणी असेल तर 'फुले रेवती'. आणि आपली मालदांडी ३५-१? तीही टाकाऊ नाही. १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर स्थानिक ज्वारीतून ती निवडली गेली. मध्यम जमिनीत तिची भाकरी आणि कडबा अजून मान मिळवून आहेत. म्हणजे जुनं ते सगळं टाका आणि नवं ते सगळं घ्या, असं विद्यापीठ सांगत नाही. कुठल्या रानात काय, हे सांगतं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही करायचं काय? सांगतो.

पहिली गोष्ट, पेरणीआधी कुदळ घ्या आणि रानात तीन-चार ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या. खोली मोजून ठेवा. एकाच शेताच्या वरच्या आणि खालच्या अंगाला खोली वेगळी निघेल. तिथं पेराही वेगळा करायला हरकत नाही. या कामाला पैसा लागत नाही, अर्धा दिवस लागतो.

दुसरी गोष्ट, नवा वाण सगळ्या रानात पेरू नका. पहिल्या वर्षी दहा गुंठे पेरा, शेजारी आपला नेहमीचा वाण ठेवा. दोघांना खत, कोळपणी, पाणी सारखंच द्या. मळणी वेगवेगळी करा, वजन करा, कडबाही मोजा. मग तुम्हीच ठरवा. तात्यांनी पाच एकरांऐवजी दहा गुंठे पेरले असते, तर गाय दावणीलाच राहिली असती.

तिसरी गोष्ट, बियाण्याची पिशवी नीट पाहून घ्या. पायाभूत बियाण्याला पांढरी खूणचिठ्ठी असते, प्रमाणित बियाण्याला निळी. चिठ्ठीवरचा गट क्रमांक, उगवणशक्ती आणि मुदत वाचा. पावती घ्या. पिशवी, चिठ्ठी आणि मूठभर बी सुगी होईपर्यंत जपून ठेवा. बी उगवलं नाही तर तालुक्याच्या कृषि अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार लगेच द्या. तोंडी तक्रारीला पुरावा राहत नाही.

चौथी गोष्ट सोयाबीनवाल्यांसाठी. सोयाबीनचं बी दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही. प्रमाणित बियाण्यापासून आलेलं पीक पुढं दोन वर्षं बियाणं म्हणून वापरता येतं. मात्र पोती आपटू नका, थप्पी उंच लावू नका. सोयाबीनच्या दाण्याचं साल नाजूक असतं, मार लागला की उगवण जाते. पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे ओळीनं मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवून ओलावा टिकवा. सात-आठ दिवसांनी मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी तीस किलो बी पुरे. कमी उगवले तर त्या मानानं बी वाढवा. पेरणी चांगला पाऊस, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर, झाल्यावर वापशावर करा आणि बी दीड इंचाहून खोल जाऊ देऊ नका. दुबार पेरणीची निम्मी दुखणी इथंच बरी होतात.

पाचवी गोष्ट, विद्यापीठ पाहायला जा. परभणीला १८ मे रोजी खरीप मेळावा आणि १७ सप्टेंबरला रब्बी मेळावा भरतो. इतर विद्यापीठांतही शिवारफेऱ्या असतात. जाताना आपल्या रानातल्या मातीचा नमुना आणि रोगट झाडाची फांदी बरोबर घ्या. नुसता मंडप बघून, वडापाव खाऊन परत येऊ नका. प्राध्यापकाला गाठा आणि सरळ विचारा, "हे माझ्या जमिनीत चालेल का?" चांगला शास्त्रज्ञ आधी तुमची जमीन विचारील. न विचारता उत्तर दिलं, तर जपून.

आणि एक शेवटचं. संशोधन फक्त विद्यापीठातच होतं असं समजू नका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड नावाच्या खेड्यातले दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या भाताच्या शेतात दोन-चार वेगळ्या लोंब्या पाहिल्या. त्या राखल्या, पुन्हा पेरल्या, वर्षानुवर्षं निवड केली. त्यातून 'एचएमटी' तांदूळ निघाला आणि कितीतरी राज्यांत पोचला. शाळेचं शिक्षण बेताचं, जमीन दीड एकराच्या आसपास. २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१८ साली ते वारले, तोवर अडचणीचे दिवस त्यांना चुकले नाहीत. वाण दूरवर गेला, पण ज्याचा वाण त्याच्या घरी पैसा आला नाही. तुमच्या शेतात असं काही वेगळं झाड दिसलं तर ते राखा, आणि गप्प बसू नका. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्यालाही आपला वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतो. जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात जाऊन नोंदणी कशी करायची ते विचारा.

पारावरच्या त्या गृहस्थांना मी इतकंच म्हणालो, "शाल त्यांची, पण वाण तुमचा. घेतला तर." ते म्हणाले, "आणि आमच्या रानात नाही चालला तर?" मी म्हणालो, "तर तेही त्यांना कळवा. तुमचं पोस्टकार्ड आलं नाही, तर त्यांना कळणार कसं?" चाचणीच्या शेतात न दिसलेली खोट तुमच्या रानात दिसते. ती विद्यापीठापर्यंत पोचली, तर पुढचा वाण अधिक चांगला होतो. तात्यांच्या मुरमानं मला तेच शिकवलं.

आता थोडक्यात ध्यानात ठेवा:

१. वाण निवडण्याआधी जमिनीची खोली मोजा.
२. नवा वाण पहिल्या वर्षी दहा गुंठ्यांतच, शेजारी जुना वाण ठेवून पेरा.
३. बियाण्याची चिठ्ठी वाचा. पावती, पिशवी आणि मूठभर बी सुगीपर्यंत जपा.
४. सोयाबीनचं बी घरचं वापरा, पण उगवण तपासून.
५. फळबागेची कलमं निरोगी बागेतलीच आणा.
६. विद्यापीठाच्या मेळाव्याला जा, प्रश्न विचारा, आणि फसलं तर तेही कळवा.
७. शेतात वेगळं झाड दिसलं तर राखा आणि कृषि विज्ञान केंद्राला दाखवा.

पेरणी चांगली होवो, पाऊस वेळेवर येवो. रामराम.